अझोला : ओळख, लागवड आणि हिशेब



भाताच्या खाचरात किंवा गावतळ्याच्या काठाशी पाण्यावर हिरवी, कधी तांबूस साय धरलेली दिसते. शेवाळ समजून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. जवळून पाहिल्यास मात्र एक-दोन सेंटिमीटर लांबीची, खवल्यांसारख्या पानांची, पाण्यात मुळे सोडलेली असंख्य रोपे दिसतात. ही अझोला होय. ती शेवाळ नसून नेच्यांच्या वर्गातील वनस्पती आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७८३ मध्ये तिला हे नाव दिले.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही पिकांना तो थेट घेता येत नाही. अझोलाच्या पानातील पोकळीत मात्र नील-हरित शैवाल म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्मजीव राहतात. ते हवेतील नत्र स्थिर करून अझोलाला पुरवितात. अझोला त्यांना आसरा व अन्न देते. या सहजीवनामुळेच व्हिएतनाम व चीनमधील शेतकरी शतकानुशतके भातखाचरात अझोला वाढवीत आले. भारतात कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेने तिचा अभ्यास केला.

लागवड सोपी आहे. झाडाच्या विरळ सावलीत दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्यात प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा. त्यावर १० ते १५ किलो चाळलेली माती पसरावी. दोन किलो ताजे शेण व ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून ओतावे आणि पाण्याची पातळी १० सेंटिमीटर राखावी. अर्धा ते एक किलो अझोला सोडल्यास साधारण दोन आठवड्यांत वाफा भरतो. नंतर रोज थोडी काढीत राहावे. दाटी झाल्यास वाढ खुंटते. नत्र ती स्वतः मिळविते, स्फुरद मात्र द्यावाच लागतो. स्फुरद कमी पडला किंवा ऊन कडक झाले की रोपे तांबूस होतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात सावलीवाचून तिचा निभाव लागत नाही.

येथे हिशेब सांगणे अगत्याचे आहे. ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. कोरड्या अंशात प्रथिने पाव हिश्श्याच्या आसपास असली, तरी एक किलो ताज्या अझोलात कोरडा अंश जेमतेम ६० ते ७० ग्रॅम निघतो. वरील आकाराच्या वाफ्यातून रोज अर्धा किलोच्या आसपास अझोला मिळते. परसातील कोंबड्यांना हा पूरक आहार उपयुक्त आहे. पण एका वाफ्याच्या भरवशावर दुभत्या गाईची पेंड बंद करणे नुकसानीचे ठरेल. जनावरांना देण्यापूर्वी अझोला स्वच्छ पाण्याने धुवावी.

भातशेतीतही हाच विवेक हवा. हेक्टरी दहा टन ताजी अझोला चिखलात गाडल्यास सुमारे २० ते ३० किलो नत्र मिळू शकतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतो. म्हणजे बचत साधारण एका गोणीची. अझोला कुजल्यावरच हा नत्र पिकाला लागू होतो. कोकणात व पूर्व विदर्भात, जेथे खाचरात पाणी टिकते, तेथे हा प्रयोग करण्याजोगा आहे. पाणी न ठरणाऱ्या शेतात तो व्यर्थ होय.

ग्रामपंचायतींनी एक पथ्य पाळावे. अनुकूल हवेत झपाट्याने दुप्पट होणारी ही वनस्पती पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात सोडू नये. दाट थराखालील पाण्याला प्रकाश व हवा मिळत नाही. जलपर्णीने हा धडा अनेक गावांना दिलाच आहे.

शाळेत दोन कुंड्या पुरेशा आहेत. एकीत सुपर फॉस्फेट घालावे, दुसरीत घालू नये, आणि मुलांना रोज नोंद ठेवण्यास सांगावे. रोपांच्या रंगावरून व वाढीवरून मुले स्वतःच निष्कर्ष काढतील. घरी वाफा करू पाहणाऱ्या पालकांनाही त्या नोंदवहीचा उपयोग होईल.