वनस्पतिजन्य प्लास्टिक : निर्मिती, गुण आणि मर्यादा

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यांना पर्याय म्हणून वनस्पतींपासून बनविलेल्या प्लास्टिककडे आशेने पाहिले जाते. ही आशा रास्त आहे. परंतु वस्तू कशापासून बनली आणि ती कुजते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या मद्यार्कापासून मोठ्या प्रमाणावर पॉलिएथिलीन तयार होते. त्याचे मूळ उसात असले, तरी ते नेहमीच्या पॉलिएथिलीनप्रमाणेच कुजत नाही.

कुजणाऱ्या प्रकारांत पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजेच पीएलए, प्रमुख आहे. मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसापासून मिळणारी साखर जीवाणूंकडून आंबविली असता लॅक्टिक आम्ल मिळते. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. त्यापासून लॅक्टाइड हा कड्याच्या आकाराचा रेणू बनवितात आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने ही कडी उघडून त्यांची लांब साखळी जोडतात. हे प्लास्टिक पारदर्शक व ताठ, पण काहीसे ठिसूळ असते. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते. म्हणून साध्या पीएलएचा पेला गरम चहास चालत नाही. पिशवीसाठी त्यात लवचीक बहुवारिके मिसळावी लागतात आणि ती पुष्कळदा खनिज तेलापासून केलेली असतात.

दुसरा प्रकार जीवाणूच तयार करतात. आपल्या देहात चरबी साठावी, तसा काही जीवाणू आपल्या पेशींत पीएचबी हा पदार्थ साठवितात. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉयन यांनी १९२६ मध्ये तो ओळखला. मातीतील जीवाणू तो पचवू शकतात. मात्र त्याचा उत्पादनखर्च अधिक आहे.

आता पंचायतीच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. पीएलए लवकर कुजण्यास ओलावा, हवा, सूक्ष्मजीव आणि सुमारे ५८ अंशांची टिकून राहणारी उष्णता लागते. अशा नियंत्रित कंपोस्टमध्ये काही महिन्यांत त्याचे विघटन होते. गावातील उथळ खड्ड्यात ही उष्णता बहुधा टिकत नाही. ओढ्यात, गटारात वा बांधावर पडलेली पिशवी दीर्घकाळ तशीच राहते. ती जनावरांच्या पोटात विरघळेल, असेही समजू नये.

म्हणून खरेदी करताना केवळ ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावर विसंबू नये. आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि उत्पादकास मिळालेले केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र पाहावे. हा कचरा वेगळा गोळा करून योग्य कंपोस्ट प्रकल्पाकडे पाठविण्याची सोय आधी करावी. ती नसेल, तर कापडी पिशवी व धुऊन वापरता येणारी भांडी हाच सरस पर्याय होय. शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. नवे साहित्य आले, तरी कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी आपलीच राहते.