बाटलीवरचं साल

मी सक्करदऱ्याहून बोलतेय. आजचा विषय आहे लाल वाइन. थांबा, रेडिओ बंद करू नका! दारूनं घरं कशी बसतात हे बचत गटातल्या बाईला कोणी शिकवायला नको. मला बोलायचंय ते फक्त बाटलीवरच्या आकड्याबद्दल.

सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज म्हणजे उसाचा मुलूख. तिथले मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी २००७ मध्ये 'फ्रातेली' ही कंपनी काढली. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. (बहिणी कुठं गेल्या, देव जाणे.) त्यांच्या 'सेत्ते' या लाल वाइनच्या बाटलीवर २००९ साल आहे. मला वाटलं, त्या वर्षी बाटली भरली असेल. नाही! ते द्राक्षं तोडल्याचं साल. पुढं वाइन लाकडी पिंपात मुरते, बाटलीत मुरते, उशिरा विकायला येते. साल तेच राहतं.

आपल्याला हे नवं नाही. संत्र्याचा व्यापारी विचारतोच, आंबिया की मृग? झाड तेच, पण बहाराप्रमाणे चव बदलते.

युरोपात थंडीत द्राक्षवेल झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरताना फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. लाल रंग येतो द्राक्षाच्या सालीतून. रस सालींसकटच आंबवतात. अवकाळी पावसानं मणी तडकले, भुरी आली, की त्या वर्षीची वाइनही तशीच. म्हणून साल लिहायचं.

आता आमचं सांगते. गेल्या पावसाळ्यात गटाच्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली. काहीच बरण्यांना, पण ती लिंबं कोणत्या खेपेची, कुणालाच सांगता येईना. चाळीसही बरण्या फेकल्या. बॅच नंबर होता हो, पण लावायचा म्हणून लावलेला; वहीत त्याच्यापुढं काहीच नाही.

आता वहीत लिहितो: लिंबं कुठली, कधी तोडली, मीठ किती, चिरली कोणी. एक काकू रागावल्या, "चिरणारीचं नाव कशाला? खराब झालं तर मला धरणार?" मी म्हटलं, "चांगलं झालं तर गिऱ्हाईक तुमच्याच हातचं मागेल." त्या काही बोलल्या नाहीत. पण परवा वही उघडली, तर त्यांचं नाव त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, आडनावासकट.