न आलेली विमाने

माझ्या लहानपणी आमच्या घरी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची पुस्तके होती. इतर मुले ती गोष्टी म्हणून वाचीत असतील. मी मात्र ती वेळापत्रकासारखी वाचीत असे. माझा हा विश्वास अगदीच भाबडा नव्हता. व्हर्नने १८६५ साली माणसाला चंद्राच्या वाटेवर धाडले आणि १९६९ साली माणूस खरोखरच तेथे उतरला. एक वचन शंभर वर्षांत पाळले गेले, तर उरलेली का पाळली जाऊ नयेत?

ती पाळली गेली नाहीत. १९६८ च्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटात पॅन ॲम कंपनीचे यान उतारूंना अंतराळस्थानकावर नेताना दाखविले आहे. २००१ साल उजाडले तेव्हा ते यान तर नव्हतेच, पण ती कंपनीही १९९१ सालीच बंद पडली होती! एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले सरकते रस्ते आज विमानतळांवर पाहावयास मिळतात. तेथे ते आपल्याला तपासणीच्या रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंत पोचवितात.

एक स्वप्न मात्र प्रत्यक्षात आले होते, आणि म्हणूनच त्याची कथा मला अधिक चटका लावते. कॉन्कॉर्ड विमान १९७६ साली प्रवाशांना घेऊन उडू लागले. ध्वनीच्या दुप्पट वेगाने ते लंडनहून न्यूयॉर्कला सुमारे साडेतीन तासांत पोचे. आपल्या एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डांसाठी नाव नोंदविले होते; पुढे तो विचार सोडून देण्यात आला. तो सोडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. उतारू जेमतेम शंभर आणि टाक्यांत इंधन मावे नव्वद टनांहून अधिक, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन! वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, हा हिशेब कथाकाराला टाळता येतो, विमान कंपनीला येत नाही. शिवाय ध्वनीला मागे टाकताना होणारा गडगडाट खाली राहणाऱ्या लोकांना सोसवेना. अशी चौदाच विमाने प्रवासी सेवेत आली आणि २००३ साली तीही थांबली. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ आणले, त्याच्याहून आजची प्रवासी विमाने फारशी वेगाने उडत नाहीत. इतके दूर कशाला जा? डेक्कन क्वीन १९३० साली मुंबई-पुणे अंतर पावणेतीन तासांत कापीत असे. आज तिला तीन तासांहून अधिक लागतात.

सरकारी नोकरीत असल्यामुळे खर्चाचा आकडा पाहून मन आवरण्याची मला सवय आहे. कॉन्कॉर्डविषयीची खंत मी तशीच आवरली होती. पण एका पावसाळ्यात ती निराळ्या रूपाने परत आली.

मी तेव्हा गुवाहाटीस होतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत बाबा अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. गुवाहाटी ते मुंबई हे सुमारे दोन हजार किलोमीटरांचे अंतर साडेतीन तासांत संपले. त्यापुढच्या चारशेहून कमी किलोमीटरांना चौदा तास लागले. दरडींच्या भयाने पावसाळ्यात कोकणातल्या गाड्या मुद्दाम हळू चालवितात, आणि ते योग्यच आहे. शेवटचा मैल तर चिखल तुडवीत, साकवावरून पायी. माझे आजोबा जात तसाच. व्हर्नच्या पुस्तकांत हा मैल मला कोठे भेटला नव्हता. आमचे यानकर्ते चंद्रापर्यंत गेले, पण आडगावी उतरल्यावर पुढे कसे जायचे हे त्यांपैकी कोणी सांगितले नाही.

ई. एम. फॉर्स्टरची १९०९ सालची एक कथा आहे, ‘द मशीन स्टॉप्स’. तीतला मुलगा दूरच्या आईला एका तबकडीत पाहतो, तिच्याशी बोलतो, आणि तरीही हट्ट धरतो की तू स्वतः इकडे ये, मला यंत्रातून भेट नको. हे वचन मात्र काळाने अक्षरशः पाळले. त्या रात्री मुंबईच्या फलाटावर उभा असताना माझ्या हातातल्या फोनवर बाबांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. उशीजवळची तुळशीची पानेसुद्धा दिसत होती. त्यांनी विचारले, “कुठवर आलास?” मी म्हणालो, “आलोच, बाबा.”

वाडीत पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बाबा पहाटे गेले होते. आई म्हणाली, रात्री फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो हातातून खाली ठेवू दिला नाही, मधून मधून त्याच्याकडे पाहत आणि विचारीत, “गाडी कुठवर आली?”