औंधची घटना

घटना कोणी लिहिली याला लोकशाहीत किती महत्त्व असते, हे पाहावयाचे असल्यास औंध संस्थानाचे उदाहरण घ्यावे. त्याची ७२ गावे विखुरलेली होती. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपण होऊन प्रजेस सत्ता देण्याचे जाहीर केले. मसुदा सिद्ध झाला तो राजपुत्र अप्पासाहेब, पोलंडचे मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांच्या विचारविनिमयातून. जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. गावाने पंच निवडावे, पंचायतींतून तालुकासभा व तीतून विधिसभा घडावी, अशी तिची रचना. पाया गावात, लेखणी मात्र राजवाड्यात! आटपाडीच्या शेतकऱ्यास पुढे पंच निवडता आले, पण मसुद्याच्या वेळी त्याची जागा रिकामीच होती. राजांच्या औदार्याने ही उणीव भरून निघत नाही. दिल्लीची घटना समितीदेखील प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. तथापि तिने आपला मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. पुढच्याच महिन्यात औंध संस्थान विलीन झाले.