बाप्तिस्म्यानंतरचे युद्ध



१९३३ साली याच नागपुरात लक्ष्मीबाई टिळकांनी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले होते. त्या परंपरेत उभे राहून नुसते आभार मानून मोकळे होता येत नाही. मला एकच तक्रार मांडायची आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनाने बऱ्यावाइटाचा झगडा बाप्तिस्म्याच्या दिवशीच निकालात काढला आहे. खरे युद्ध त्यानंतर सुरू होते, आणि त्याबद्दल आपण जवळजवळ गप्प आहोत.

ही सवय जुनी आहे. १८४१ मध्ये हरि केशवजींनी बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर मराठीत आणले. मूळ कथेतला यात्रिक क्रुसापाशी ओझे गळून पडल्यावरही वाट चुकतो, संशयाच्या किल्ल्यात कोंडला जातो. आपण मात्र तिच्यातून नाशाचे नगर सोडून निघणे तेवढे उचलले. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे नावच ‘अरुणोदय’. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या त्या थोर लेखकाची ती कहाणी मुख्यतः उजाडेपर्यंतची आहे. दुपारच्या उन्हात काय झाले, हे पुढच्यांनी लिहायला हवे होते. त्यांनी बहुधा पहाटच पुन्हा पुन्हा लिहिली. शास्त्राचा आधार मात्र या सवयीला नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल वर्तमानकाळात कबूल करतो की, नको असलेले वाईटच आपल्या हातून घडते. हे बोल ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या माणसाचे, असे काही भाष्यकार म्हणतात. ऑगस्टीनचेही आधी तसेच मत होते. उतारवयात ते त्याने बदलले आणि हा विश्वासणाऱ्याचाच आक्रोश मानला. तो वाद बाजूला ठेवला तरी गलतीकरांस पत्र उरतेच. देह आणि आत्मा यांचे वैर तेथे सांगितले आहे ते मंडळीतल्या माणसांना, बाहेरच्यांना नव्हे.

मराठीत हे कोणाला उमगले असेल तर ते लक्ष्मीबाईंना. त्यांचे पती नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. येथून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना नवा करार मिळाला, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला निर्णायक क्षण कोणत्याही विधीचा नाही. सोवळे सांभाळणारी ही बाई जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न स्वतःलाच विचारते, माणसाने केली असे उत्तर काढते आणि कोणाच्याही हातचे खायला मोकळी होते. हे घडते बाप्तिस्म्याच्या आधी. उलट टिळकांचा तापट स्वभाव आणि लहरीपणा बाप्तिस्म्यानंतरही टिकून राहतो, आणि ती ते हसत हसत, पण न झाकता सांगते. संताला संतपणाबाहेर पाहण्याची ही हिंमत आमच्या एकाही चरित्रकाराला झालेली नाही, असे माझे मत आहे. टिळकांनीही स्वतःला ‘पोहोचलेला’ मानले नाही. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्याला गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नाही त्याला मनातले पाप शोधायला सांगणे म्हणजे अन्याय करणाऱ्याची सुटका करणे, असे दलित ख्रिस्ती विचारवंत म्हणतात. पीडिताला पश्चात्तापाचे धडे देणारी प्रवचने चर्चमध्ये झाली आहेत. त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण मी ज्या झडतीबद्दल बोलतो आहे ती आधी मंडळीची आहे. जात बाहेर राहिली असती तर तिच्याशी नुसते बाहेर लढून भागले असते. ती आपल्याबरोबर चर्चमध्ये आली, बाकावर बसली. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून हळूच विचारला जातो. विचारणारा बाप्तिस्मा घेतलेला असतो, प्रभुभोजन घेतो, आणि बहुतेक वेळा सज्जनही असतो. या सज्जन माणसाची कादंबरी मराठीत मला अजून वाचायला मिळालेली नाही.