जातं गेलं, वही आली नाही

(मोखाडा इथे कार्यकर्त्या, अंगणवाडीताई, आशाताई आणि बचत गटातल्या बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराची सुरुवात आज आपण नेहमीप्रमाणे गाण्यानं केली. दया पवारांचं धरण बांधणाऱ्या बाईचं गाणं आपण म्हटलं. धरण ती बांधते, आणि घोटभर पाण्यासाठी वणवण तिलाच करावी लागते. पुण्या-मुंबईच्या शिबिरात या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो, मोखाड्यात तो सांगावा लागत नाही. कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यामुळे इथे हे गाणं सुरू झालं की मागच्या रांगेतला आवाज सगळ्यात मोठा येतो.

पाण्यावर आपण दुपारच्या सत्रात बोलणारच आहोत. मला या गाण्यातली दुसरी एक गोष्ट आज बोलायची आहे. या गाण्यातली 'मी' बाई आहे. चाल आपल्या ओळखीची, जात्यावर बसल्यासारखी. पण गाणं लिहिलंय पुरुषानं. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांनी ते लिहिलं, याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याचं दुःख त्याच्या आवाजात मांडता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि आपण ते गाणं आपलं म्हणूनच गातो. तरी मनात येतं, की दुष्काळी कामांवर, धरणांवर, रस्त्यांवर ज्या हजारो बायकांनी पाट्या वाहिल्या, त्यांच्या मनात त्या वेळी काय काय जुळत होतं? ते कुठे गेलं?

म्हणून आज मी लिहिण्याबद्दल बोलणार आहे. अहवाल, इतिवृत्त, अर्ज, निवेदन हे लिहिणं आपण रोज करतो, ते सोडून. कोणी सांगितलं नाही, कोणाला द्यायचं नाही, केवळ आपल्याला लिहावंसं वाटतं म्हणून लिहायचं, त्याबद्दल.

याला आपण छंद म्हणतो. बाईच्या छंदाची आपल्याकडे एक अट असते, तो घराच्या उपयोगी पडला पाहिजे. भरतकाम केलं तर उशीला अभ्रा होतो. रांगोळी काढली तर दार शोभतं. लोणची-पापड घातले तर कौतुक होतं, चार पैसेही मिळतात. लिहिण्यातून घराला काहीच मिळत नाही. उलट बाई लिहीत बसली म्हणजे आमटी ऊतू जाणार, मूल रडणार आणि वर 'काय लिहितेस गं? कोणाला लिहितेस?' हा प्रश्न येणार. त्या प्रश्नात संशय असतो. नवरा हिशेबाच्या वहीत काही लिहीत बसला तर त्याला असं कोणी विचारत नाही.

पण मराठीत 'छंद' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. कवितेच्या चालीला छंद म्हणतात, आणि ओवी हा असाच एक छंद. हा छंद सांभाळला कोणी? जात्यावर बसणाऱ्या बायकांनी. पहाटे सगळं घर झोपलेलं असायचं. दळण हे काम होतं, म्हणून तिथे बसायला बाईला कोणाची परवानगी लागत नव्हती. हात खुंट्यावर, आणि तोंडानं माहेर, भाऊ, पंढरपूरचा विठ्ठल, सासूचा जाच, लेकीचं लग्न. बोलायची सोय नव्हती ते गाता येत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव कार्यकर्त्यांना घेऊन या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या! २०१७ पासून त्या 'परी'च्या संग्रहात लोकांसमोर येत आहेत. त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे.

मग गावात पिठाची गिरणी आली. ती आली हे चांगलंच झालं, यात मला शंका नाही. जातं ओढून ज्यांचे खांदे गेले त्यांना विचारा. जुन्या जात्याचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात, त्यांनी ते कधी ओढलेलं नसतं. पण गिरणीबरोबर आणखीही काही गेलं. बाईची स्वतःशी बोलायची एक जागा होती, ती गेली. दळणाचा वेळ वाचला, तो लगेच दुसऱ्या कामांनी खाल्ला. जातं गेलं, त्याच्या जागी वही यायला हवी होती. ती आली नाही.

आता आपल्या भागाकडे बघू. वारली लग्नात धवलेरीचा मान आपल्याला ठाऊक आहे. परंपरेनं ती गाणी म्हणते तेव्हा लग्न लागतं. सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, आत पालघट देवी येते. आपण चौक 'काढतात' म्हणत नाही, 'लिहितात' म्हणतो. म्हणजे शाळा, पाटी, पेन्सिल यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका लिहीत होत्या. पण त्या भिंतीवर कोणा बाईचं नाव नसायचं. १९७० च्या दशकात तीच कला कागदावर आली, बाहेर गेली, विकली जाऊ लागली, आणि नावं आली ती पुरुषांची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम थोर आहे आणि आदिवासी माणसाला तो मान मिळाला याचा आपल्याला अभिमान आहे. पण भिंतीवर होतं तोवर बायकांचं आणि कागदावर आलं की पुरुषांच्या नावाचं, हा प्रवास आपण नीट बघितला पाहिजे. कागद कोणाच्या हातात आहे यावर नाव कोणाचं राहणार हे ठरतं.

१९४५ च्या वारल्यांच्या उठावाची हकिगत आपल्याला कशी कळते? गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मधून. गोदूताईंनी ते पुस्तक लिहिलं नसतं तर केवढं नुकसान झालं असतं! आणि त्याच लढ्यातल्या एखाद्या वारली बाईच्या हातची वही असती, तर तिनं कोणत्या गोष्टी सांगितल्या असत्या?

मैत्रिणींनो, ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे निवांत वेळ होता असं समजू नका. मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये तिनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. ती तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. बंगालमध्ये राससुंदरी देवींनी घरच्या पोथीचं एक पान काढून स्वयंपाकघरात लपवलं, मुलाच्या हस्ताक्षराशी ताडून बघत वाचायला शिकल्या, आणि पुढे आत्मचरित्र लिहिलं. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या आणि घरच्यांपासून, नवऱ्यापासून ते लपवून ठेवायच्या. असं वीसेक वर्षं! १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं, १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. आपण ते आज अभ्यास शिबिरात वाचतो. ती वही लपवली जात होती तेव्हा तो एका बाईचा छंदच होता, दुसरं काही नाही.

आता तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील, ताई शिकलेल्या आहेत, त्यांना सुचतं हे. डोक्यावर हंडा, पोटात भूक, दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं, त्यात वही कुठली? हा आक्षेप खरा आहे. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनं १९२९ मध्ये म्हटलं की बाईला लिहायचं तर हाताशी पैसा हवा आणि स्वतःची खोली हवी. मोखाड्यातली बाई त्या यादीत पहिल्यांदा पाणी लिहील. घराजवळ पाणी, रोजगार हमीचं वेळेवर काम आणि मजुरी, मूल सांभाळायला चालू अंगणवाडी. याशिवाय लिहिण्याच्या गप्पा पोकळ आहेत, म्हणून त्या मागण्या आपण सोडणार नाहीच. पण आधी सगळे प्रश्न सुटू देत, मग बाईनं मनासारखं काही करावं, हे मला मान्य नाही. पुरुष आधी प्रश्न सुटायची वाट बघत नाहीत. आपल्या आज्यांनीही बघितली नाही, त्यांनी दळता दळताच ओव्या रचल्या.

दुसरा आक्षेप, लिहिता येत नाही. बहिणाबाई चौधरींनाही येत नव्हतं. त्या कामात गात, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव वगैरे घरच्यांनी ते उतरवून ठेवलं. १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तक निघालं. ते खानदेशच्या बोलीतच निघालं, कोणी तिला शुद्ध केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या आश्रमशाळेत शिकलेल्या मुली मला म्हणतात, 'ताई, आमची भाषा अशुद्ध आहे, कशी लिहू?' वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, ज्या बोलीत तुम्हाला स्वप्नं पडतात तिच्यात लिहा. आई सांगेल, मुलीनं लिहावं. मोबाइलवर आवाज भरून ठेवला तरी चालेल. फक्त वर आईचं नाव घाला.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे, आणि तो माझाही होता. आम्ही रोज इतकं लिहितो, आणखी काय लिहायचं? समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला फील्डवर्कचं रेकॉर्डिंग लिहायला शिकवलं. कोण भेटलं, काय बोलणं झालं, आपण काय केलं, निरीक्षण, निष्कर्ष. ते शिक्षण उपयोगाचं आहे. पण नोकरीत त्याचा तक्ता होतो. तक्त्यात बाई 'लाभार्थी' होते, तिचं बाळ 'तीव्र कुपोषित' या रकान्यात जातं, आणि आपण तर त्यात कुठेच नसतो. एका पाड्यावर एका आईशी बोलताना तिनं मला बाळाचं वजन नाही सांगितलं, बाळ कसं हसतं ते सांगितलं. ते लिहायला माझ्या फॉर्ममध्ये जागा नव्हती. रात्री मी ते माझ्या वहीत लिहिलं. त्याचा कोणाला उपयोग झाला नाही. मला झाला. त्या हसण्याचं मी काय करू हे मला कळत नव्हतं, ते लिहिल्यावर झोप आली.

गेली काही वर्षं मी असं लिहिते. कधी चार ओळी, कधी महिनाभर काहीच नाही. त्याचं पुस्तक होणार नाही. चळवळीला त्याचा काय फायदा, असं कोणी विचारलं तर उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. आपण बायका सतत कोणाच्या तरी उपयोगाला पडत असतो, घराच्या, संस्थेच्या, योजनेच्या, अगदी चळवळीच्यासुद्धा. एखादी गोष्ट निव्वळ आपली असणं हाही हक्काचाच भाग आहे.

शेवटी चार सूचना करते, जेवणानंतर गटात त्यावर चर्चा करा.

एक. प्रत्येक गटात ज्यांना हवी त्यांना एक-एक वही द्यावी. सक्ती नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही.

दोन. वही घरी ठेवता येत नसेल, कोणी वाचेल, फाडेल, त्यावरून मारहाण होईल अशी भीती असेल, तर बचत गटाच्या कुलपाच्या पेटीत ती ठेवावी. पासबुकं आपण सांभाळतोच, वह्याही सांभाळू. जिची वही तिच्याशिवाय ती कोणी उघडायची नाही, अध्यक्षांनीही नाही.

तीन. बैठकीत शेवटची पंधरा मिनिटं वाचायला राखून ठेवावीत. ज्यांना वाटेल त्यांनी वाचावं किंवा सांगावं. त्यावर 'छान' किंवा 'चूक' म्हणू नये. ऐकावं. आणि तिला विचारल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही संस्थेच्या अहवालात किंवा पत्रिकेत वापरू नये.

चार. आपल्या पाड्यातल्या धवलेरीची, गाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची गाणी त्यांची परवानगी घेऊन उतरवून ठेवावीत, नावासकट, पाड्यासकट. हे काम कोणा विद्यापीठानं येऊन करायची वाट बघू नका. या खोलीत दहावी-बारावी झालेल्या कितीतरी मुली बसल्या आहेत.

जेवणाची वेळ झाली आहे, मागे ताटंही वाजायला लागली आहेत. वह्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना हवी त्यांनी जाताना एक उचला. पहिल्या पानावर स्वतःचं नाव घालायला विसरू नका. कोणाची बायको किंवा कोणाची आई म्हणून नको, नुसतं तुमचं नाव.