धर्मवादांतील थट्टा
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदांत आम्ही वादाचा विषय कां काढतों, असें कोणी विचारील. कारण हें कीं, प्रॉटेस्टंट घरांतले आपले व्याही, जांवई व सुना आज या मंडपांत बसल्या आहेत. आणि पंगतीला बसलें कीं एकमेकांच्या पंथाची टर उडविण्याची संवय दोहोंकडेही आहे. १८१३ सालीं मुंबईस आरंभ झालेलें अमेरिकन मराठी मिशन ज्या परंपरेंतून आलें, ती जॉन कॅल्व्हिनचीच. तेव्हां हा वाद आपणांस परका नाहीं.

१५४३ सालीं कॅल्व्हिननें जिनिव्हा येथें संतांच्या अवशेषांवर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. पवित्र क्रूसाचे जागोजागचे तुकडे एकत्र केले तर जहाज भरेल, संत अँथनीचा म्हणून वंदिलेला हात हरणाचा निघाला, अशा गोष्टी सांगून त्यानें वाचकांस हंसविलें. आपण रागावण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानांत घेऊं. जहाजाची थट्टा मूळची त्याची नव्हे; इरॅस्मस या कॅथोलिक पंडितानें ती १५२६ सालींच केली होती. शिवाय बाजार खरोखरच मांडला होता. नाहीं तर अवशेषांच्या सन्मानांत शिरलेला भोळसटपणा व द्रव्यलोभ काढून टाका, अशी आज्ञा ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं कां केली असती?

तथापि थट्टा कधीं मोजमाप करीत नाहीं. शार्ल रोओ द फ्लेरी या फ्रेंच गृहस्थानें ज्ञात तुकड्यांच्या मापांची बेरीज १८७० सालीं प्रसिद्ध केली. ती सुमारें ४० लाख घनमिलिमीटर, म्हणजे चार लिटरच्या भांड्यांत मावेल इतकीच भरली. सबंध क्रूसास मात्र त्याच्या अंदाजें १७ कोटि ८० लाख घनमिलिमीटर लांकूड लागलें असतें. यावरून प्रत्येक तुकडा अस्सल ठरत नाहीं. पण जहाज रिकामेंच राहतें.

आतां आपलें माप आपल्याच पदरांत घेऊं. जेरोम बोल्सेक यास कॅल्व्हिनशीं वाद केल्यामुळें १५५१ सालीं जिनिव्हांतून हद्दपार करण्यांत आलें. कॅल्व्हिन वारल्यावर तेरा वर्षांनीं, १५७७ सालीं, त्यानें त्याचें निंदेनें भरलेलें चरित्र छापिलें. आणि आपल्या लेखकांनीं शहानिशा न करतां तें पिढ्यान् पिढ्या उतरून घेतलें. सेमिनरींत असतांना आम्हीही कॅल्व्हिनच्या पूर्वनियतीच्या मताची नक्कल करून टाळ्या मिळविल्या आहेत. पुढें त्याचें लिखाण वाचलें, तेव्हां लाज वाटली. देवाची कृपा मनुष्याच्या कमाईनें मिळत नाहीं, ही संत ऑगस्टिनची शिकवण त्यांत पानोपानीं होती. त्याचे निष्कर्ष आम्हांस मान्य नाहींत; पण ज्याची आम्ही नक्कल केली, तो मनुष्य त्या पुस्तकांत सांपडला नाहीं.

संत फ्रान्सिस द सेल्स १५९४ सालीं शाब्ले प्रांतांत गेले, तेव्हां कॅल्व्हिनपंथी लोक त्यांच्या प्रवचनास फिरकत ना. त्यांनीं पत्रकें लिहून घरोघरीं दारांखालून सरकविलीं. वाद कडक होता. पुढें ड्यूकच्या सत्तेचें वजनही पडलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तरी श्रोत्यांच्या दारापर्यंत स्वतः चालत जाणें, हें टर उडविण्याहून कठीण काम त्यांनीं केलें. १९२३ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांस कॅथोलिक लेखकांचे आश्रयदाते ठरविलें, तें उगीच नव्हे.

म्हणून आमची एवढीच विनंती: हंसावयाचें तर आधीं स्वतःच्या ढोंगास हंसा, आणि दुसऱ्याचें मत असें मांडा कीं, तो म्हणेल, "होय, हेंच माझें मत." मग खुशाल उत्तर द्या. आजच्या पंगतींत याचा आरंभ होवो. प्रभु येशू आपणां सर्वांस एकाच मेजाभोंवतीं आणो. आमेन.